सवय नव्हे, निवड
फवारणीने जनावरांवरच्या गोचिडी मरेनाशा झाल्या की 'गोचिडांना औषधाची सवय झाली, आता डोस दुप्पट करा' असा सल्ला मिळतो; तो कृपया पाळू नका. विषबाधा जनावरालाच होईल. एकेका गोचिडीला सवय होत नसते. काही जन्मतःच वेगळ्या असतात: कुणाच्या मज्जापेशींतल्या सोडियम चॅनलमध्ये (सोडियम आत घेणाऱ्या सूक्ष्म दारात) असा बदल असतो की डेल्टामेथ्रिन हे फवारणीचं औषध तिथे नीट चिकटतच नाही, कुणाच्या अंगात औषध फोडणारी विकरं (एन्झाइम) जास्त बनतात. फवारणीत बाकीच्या मरतात, या उरतात, आणि एकेक मादी दोन-तीन हजार अंडी घालते! ऑस्ट्रेलियात १९३० च्या दशकातच आर्सेनिक हे तेव्हाचं गोचीडनाशक असं निकामी झालं होतं. डेल्टामेथ्रिन सोडून सायपरमेथ्रिन आणलं तरी बहुधा फरक पडणार नाही, दोन्ही एकाच गटातली. अमित्राझसारखा वेगळा गट पशुवैद्यांना विचारून वापरा.