मदत हवी आहे: विहिरीवरच्या जुन्या पेट्रोल-रॉकेल इंजिनाच्या मॅग्नेटोचं टायमिंग कसं लावायचं?

नमस्कार मंडळी,

चोपडा तालुक्यात आमचा मळा आहे. विहिरीवर आजोबांच्या वेळचं इंजिन आहे. एक सिलिंडर, फोर स्ट्रोक, दोन्ही बाजूंना जड चाकं, पेट्रोलवर चालू करून गरम झालं की रॉकेलवर घ्यायचं. आमची मोट सुटली ती याच इंजिनामुळे. शिवारात वीज येईपर्यंत केळीला पाणी यानेच दिलं. नंतर मोटर बसली आणि हे शेडमध्ये गेलं. नावाची पट्टी घासून गुळगुळीत झाली आहे, त्यामुळे कंपनी आणि मॉडेल कळायला मार्ग नाही. पुस्तिका कधीच हरवली.

यंदा हे सुरू करायचंच असं घरात ठरलं आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. सुरत, नाशिक, पुणे, जिथे जिथे भाऊबंद आहेत तिथून सगळे रोट खायला गावी येतात. आमचे बापू, म्हणजे थोरले काका, या इंजिनाला हँडल मारत मोठे झाले. ते आता थकलेत. त्यांच्या हयातीत, सगळं घर गोळा असताना, याने पुन्हा विहिरीचं पाणी उपसावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

बाकीची कामं उरकली. रिंगा नव्या, व्हॉल्व्ह घासून बसवले, कॉम्प्रेशन चांगलं येतं. अडलंय ते मॅग्नेटोवर, म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागावर. घोड्याच्या नालेच्या आकाराचं चुंबक असलेला जुना मॅग्नेटो आहे आणि त्याला इम्पल्स कपलिंग आहे. हँडलने हळू फिरवलं की आत 'टक्क' असा आवाज येतो, तेच ते. एका मेस्त्रीकडे कॉईल दाखवायला दिला होता. त्याने पूर्ण खोलला, गिअर काढला आणि खूण न करताच परत बसवला. पहिल्यांदा बसवून दिला तेव्हा हँडल असं उलटं आलं की माझ्या पुतण्याचं मनगट थोडक्यात वाचलं. मग त्याने गिअर काही दात सरकवला. किती, ते त्यालाही सांगता येईना. आता हँडल उलटं मारत नाही, इंजिन लगेच सुरूही होतं, पण दम नाही. पंपाचा पट्टा चढवला की बसतं, सायलेन्सर लालबुंद होतो आणि मधूनच त्यात बार उडतो.

माहितीसाठी: मॅग्नेटोचा गिअर थेट कॅमच्या गिअरवरून फिरतो आणि दोघांनाही 40-40 दात आहेत. चाकाचा बाहेरचा घेर टेपने 1,570 मिमी भरला. चाकावर कसलीही खूण नाही.

गावात जो येतो तो एकच सल्ला देतो: "काय भो, ते डबडं काढून फेक, बॅटरी-कॉईल लाव, नाहीतर मोटरसायकलचं सीडीआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशन) बसव." मला ते करायचं नाही. ज्या काळात शिवारात वीज नव्हती आणि बॅटरी चार्ज करायलाही जागा नव्हती, त्या काळात हे यंत्र स्वतःची ठिणगी स्वतः तयार करत होतं. मॅग्नेटो काढला तर या इंजिनात जपण्यासारखं राहिलं काय?

तर विचारायचं हे की इम्पल्सचा 'टक्क' नेमका कुठे व्हायला हवा? टॉपच्या (पिस्टन अगदी वर पोचतो त्या जागेच्या) आधी, टॉपवर की टॉपनंतर? आणि इंजिन वेगात असताना ठिणगी किती अंश आधी पडायला हवी? वेगात तर 'टक्क' ऐकूच येत नाही, मग ते मोजायचं कसं? आणखी एक. मॅग्नेटोतले पॉइंट (करंट तोडणारे संपर्क) उघडल्याचा क्षण पकडायला मी बॅटरी आणि बल्ब लावून पाहिला, तर बल्ब विझतच नाही. पॉइंट खराब समजायचे का?

——————

प्रतिसाद (धुळे)

दादा, मॅग्नेटो काढायचा नाही हे ठरवलंत ते फार चांगलं केलंत. मी गॅरेजात हयात घालवली आहे, आणि असे मॅग्नेटो केवळ टायमिंग न समजल्यामुळे भंगारात गेलेले डोळ्यांनी पाहिलेत.

आधी बल्बचं. पॉइंट खराब नाहीत. मॅग्नेटोची प्रायमरी म्हणजे जाड तारेचे थोडेसे वेढे. पॉइंट उघडले तरी करंट त्या वेढ्यांतून जातोच, म्हणून बल्ब पेटलेलाच राहतो. शिवाय बॅटरीचा करंट त्यात सोडणं चुंबकालाही बरं नाही. बल्ब बाजूला ठेवा आणि सिगारेटचा पातळ कागद घ्या. मिटलेल्या पॉइंटमध्ये त्याची पट्टी धरायची, हलका ताण द्यायचा आणि चाक हळूहळू फिरवायचं. ज्या क्षणी कागद सुटतो त्याच क्षणी पॉइंट उघडले, आणि तिथेच ठिणगी. मात्र त्याआधी पॉइंटचा गॅप फीलर गेजने बघून घ्या. 0.30 ते 0.40 मिमीच्या दरम्यान ठेवा. गॅप बदलला की टायमिंगही सरकतं, म्हणून क्रम उलटा करू नका.

मग खरा टॉप शोधा. नजरेने किंवा प्लगच्या भोकात काडी घालून टॉप धरू नका. टॉपजवळ पिस्टन जवळजवळ थांबलेलाच असतो. 100 मिमी स्ट्रोकच्या इंजिनात चाक पाच अंश फिरलं तरी पिस्टन साधारण पाव मिलिमीटरच खाली येतो. काडीला ते काय कळणार? प्लगच्या भोकात, पिस्टन टॉपच्या थोडं आधीच टेकेल असा बोथट टोकाचा स्टॉपर आट्यांवर फिरवून बसवा. चाक हाताने सावकाश एका बाजूने टेकेपर्यंत फिरवा, शेडच्या खांबाला बांधलेल्या तारेच्या टोकासमोर चाकावर खूण करा. मग उलट्या बाजूने टेकेपर्यंत फिरवून दुसरी खूण करा. या दोन खुणांच्या बरोबर मध्ये टॉप. स्टॉपर काढल्याशिवाय हँडलला हात लावायचा नाही.

टॉप कॉम्प्रेशनचा धरा. दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले आणि दोन्ही टॅपेट ढिले हवेत. फोर स्ट्रोकमध्ये टॉप दोनदा येतो. मॅग्नेटो कॅमच्याच वेगाने फिरतोय, त्यामुळे चुकीच्या टॉपवर बांधलात तर ठिणगी एक्झॉस्ट संपताना पडेल आणि इंजिन कधीच घेणार नाही.

आता इम्पल्स. याची दोन कामं आहेत. हँडलच्या वेगात मॅग्नेटो इतका हळू फिरतो की ठिणगी पडण्याइतकी वीजच तयार होत नाही. म्हणून आतली कुत्री (अडवणारी खिटी) मॅग्नेटोचा दांडा अडवून धरते, स्प्रिंग ताणली जाते, आणि सुटली की दांडा झटक्यात फिरतो. ही झाली जोरदार ठिणगी. दुसरं काम असं की दांडा अडून राहिल्यामुळे ठिणगी तितकीच उशिरा पडते. हाच तो लॅग. इंजिनाने वेग धरला की कुत्री बाहेर फेकली जाते, लॅग आपोआप जातो आणि ठिणगी आधी पडायला लागते. स्टार्टिंगला लेट, रनिंगला ॲडव्हान्स, आणि कुणी काही हलवायची गरज नाही.

रनिंगला आधी का, तर पेट घ्यायला वेळ लागतो. 600 आरपीएमला एक फेरा 0.1 सेकंदाचा, म्हणजे 25 अंश फिरायला जेमतेम 7 मिलिसेकंद. पिस्टन खाली निघाल्याबरोबर पूर्ण दाब मिळायचा तर आग तेवढी आधी लावावी लागते. पण हँडलने फिरवताना त्याच 25 अंशांवर आग लावलीत, तर पिस्टन वर पोचायच्या आत दाब तयार होतो आणि हँडल उलटं येतं. तुमच्या पुतण्याबाबतीत तेच झालं.

तुमच्या चाकावर एक अंश म्हणजे 1,570 भागिले 360, साधारण 4.36 मिमी. आता दोन खुणा करा. पहिली: चाक फिरण्याच्याच दिशेने हळू फिरवा, 'टक्क' जिथे होतो तिथे. दुसरी: कुत्री तारेने बाहेर अडकवून ठेवा, म्हणजे इम्पल्स काम करणार नाही, आणि कागद जिथे सुटतो तिथे. या दोन खुणांमधलं अंतर म्हणजे तुमचा लॅग, थेट क्रँकच्या अंशांत. मोजून इथे टाका. 'टक्क' टॉपवर किंवा टॉपनंतर थोडासा हवा, आधी कधीच नको.

आणि हँडल धरताना अंगठा बाकी बोटांच्याच बाजूला ठेवा, दांड्याला विळखा घालू नका. खालून वर ओढा, वरून खाली दाबू नका.

——————

प्रतिसाद (अमळनेर)

वरच्या काकांनी सगळं सांगितलंच आहे. सीडीआयवाल्यांना उत्तर द्यायला थोडी भर घालतो.

डाइमलरच्या सुरुवातीच्या इंजिनांत ठिणगी नव्हतीच. बाहेरून ज्योतीने तापवलेली नळी सिलिंडरला जोडलेली असे आणि कॉम्प्रेशन वाढलं की मिश्रण नळीत शिरून पेटायचं. टायमिंग हातात नसल्यामुळे वेगही हवा तसा बदलता येत नसे. बेंझने बॅटरी आणि थरथरणारी कॉईल वापरली, पण बॅटरी उतरली की गाडी जागेवर. बॉशने 1887 मध्ये एका जागी बसवलेल्या इंजिनासाठी लो-टेन्शन मॅग्नेटो बनवला. त्यात पॉइंट सिलिंडरच्या आत उघडायचे. 1902 मध्ये त्यांच्याच गॉटलोब होनोल्डने हाय-टेन्शन मॅग्नेटो आणला, म्हणजे साधा प्लग आणि एक वायर. तुमच्याकडे आहे तो त्याच घराण्यातला. फोर्डच्या मॉडेल टी मध्ये तर स्टिअरिंगखाली डाव्या हाताला ठिणगीची दांडी होती. सुरू करताना लेट, वेग धरल्यावर पुढे, सगळं चालवणाऱ्याच्या हाताने. तुमच्या इम्पल्समध्ये तेच काम एक कुत्री आणि एक स्प्रिंग करतात. इतकं सरळ यंत्र काढून त्याजागी खोकं लावायचं म्हणजे वाईट वाटतं.

एक शंका आहे. मेस्त्रीने मॅग्नेटो खोलला तेव्हा चुंबकाच्या दोन टोकांना लोखंडी पट्टी लावून ठेवली होती का? जुन्या पोलादी नाल-चुंबकातून आर्मेचर (आत फिरणारा कॉईलचा भाग) काढून तसंच उघडं ठेवलं की त्याची ताकद उतरते. प्लग बाहेर काढून इंजिनाला टेकवा आणि इम्पल्सवर ठिणगी बघा. वायर कधीही मोकळी सोडून फिरवू नका. ठिणगीला वाट मिळाली नाही की ती कॉईलचं इन्सुलेशन फोडते. आणि बंद करायची वायर तपासा. मॅग्नेटोची ती वायर तुटली तर इंजिन बंदच होत नाही, आणि बंद उभ्या इंजिनाचं चाक नुसतं हाताने फिरवलं तरी ते पेट घेऊ शकतं.

——————

धागाकर्ता

काका, दादा, दोघांचे मनापासून आभार. सांगितलं तसं केलं.

स्टॉपर लावून काढलेला टॉप मी आधी नजरेने धरलेल्या टॉपपासून चाकावर बोटभर लांब निघाला. 'टक्क' होतो टॉपनंतर 100 मिमीवर, म्हणजे 23 अंश. कुत्री अडकवून कागद सुटतो टॉपच्या आधी 31 मिमीवर, म्हणजे 7 अंश. मधलं अंतर 131 मिमी, म्हणजे लॅग 30 अंश. वेगात फक्त 7 अंश ॲडव्हान्स मिळतोय. सायलेन्सर लाल होण्याचं कारण हेच ना? मग गिअर किती दात हलवू?

चुंबकाला पट्टी लावली नव्हती. चार दिवस ते तसंच फळीवर पडून होतं. ठिणगी पडते, पण बारीक आणि पिवळसर.

——————

प्रतिसाद (धुळे)

हो, कारण तेच. आग उशिरा लागते, एक्झॉस्ट उघडतो तेव्हाही जळतच असते, आणि ती सगळी उष्णता सायलेन्सरमध्ये जाते.

40 दातांच्या गिअरचा एक दात म्हणजे मॅग्नेटोचे 9 अंश. मॅग्नेटो क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून क्रँकवर 18 अंश. ठिणगी लवकर पडेल अशा बाजूने एकच दात सरकवा. 'टक्क' 23 वरून टॉपनंतर 5 अंशांवर येईल, चाकावर साधारण 22 मिमी. आणि वेगात 7 चे 25 होतील, साधारण 109 मिमी. अशा हळू चालणाऱ्या, कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनाला हे बरोबर बसेल. दोन दात मात्र सरकवू नका, 'टक्क' टॉपच्या 13 अंश आधी जाईल आणि हँडल पुन्हा उलटं येईल. बसवल्यावर दोन्ही खुणा कागदाने परत तपासा, मग गिअरच्या दातांवर आणि चाकावर छिन्नीने कायमच्या खुणा करून टाका.

चुंबकाला पुन्हा चार्ज करावं लागेल. जाड तारेच्या मोठ्या कॉईलमधून डीसी करंट सोडून हे करतात. जुन्या गाड्यांचे मॅग्नेटो दुरुस्त करणारे अजून काही जण आहेत. नाशिक, पुणे, मुंबईकडे ज्यांच्याकडे जुन्या मोटरसायकली आहेत त्यांना विचारा. नेताना मॅग्नेटो अख्खा न्या, चुंबक सुटं करून नेऊ नका. चार्ज करताना उत्तर-दक्षिण बाजू आधीच्याच राहतील हे सांगून ठेवा. बाजू पालटल्या तरी ठिणगी पडेल, पण प्लगची पोलॅरिटी उलटी होईल.

रॉकेलच्या नादाला आता लागू नका, पेट्रोलवरच चालवा. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. कार्ब्युरेटरचा फ्लोट बुचाचा असेल आणि त्यावर लाखेचा थर असेल, तर तो थर इथेनॉलने विरघळतो आणि मग फ्लोट पेट्रोल पितो. तो एकदा उघडून बघा. आणि इम्पल्सच्या कुत्रीचं टोक झिजलंय का याचा जवळून काढलेला फोटो टाका. ते गोल झालं असेल तर 'टक्क' दर वेळी वेगळ्या जागी होईल, आणि मग या सगळ्या मोजमापाचा उपयोग होणार नाही.