तालीम की पोहणं: पोराला जास्त धोका कशात?

तालीमकट्टा:
पोरगं दहा वर्षांचं झालं, तालमीत घालायचं म्हणतोय. घरात विरोध. मेहुणे म्हणतात, "मान मोडंल, कान फुटतील. त्यापेक्षा नदीवर न्या, पोहायला शिकवा." मला हे पटत नाही. कुस्तीची दुखापत दिसते म्हणून आपण तिला भितो. मोडलेला कान जन्मभर दिसतो, बुडालेलं पोरगं चार दिवसांत विसरलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली. आखाड्यात कधी एवढी गेलीत का?

बावड्याची_लेक:
दादा, हिशेब चुकतोय. त्या ३ लाखांत काठावर खेळताना पाय घसरलेली, पाणी आणायला गेलेली लेकरंही आली. ती पोहायला गेली नव्हती, उलट बऱ्याच जणांना पोहता येत नव्हतं. आणि कुस्तीत फक्त कान जातो असं म्हणू नका. माझा भाऊ सरावात डाव उलटून मानेवर पडला. "हातात मुंग्या आल्यात" म्हणत होता, तरी पोरांनी हातपाय धरून त्याला उचलून बाजूला नेलं. आज त्याला डाव्या हातानं शर्टाचं बटण लावता येत नाही. जेवायला बसला की पोळी मी तोडून देते. तो जिवंत आहे म्हणून तुमच्या आकड्यात कुठंच नाही.

पेठेचा_गोली:
ताई बरोबर बोलल्या. मेले किती एवढंच मोजायचं असेल तर फुटबॉल एकदम सुरक्षित ठरंल. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर खेळून गुडघा गेलेली पोरं प्रत्येक पेठेत दाखवतो. आणि क्रिकेटला तर कोणी घाबरतच नाही. रमण लांबा १९९८ मध्ये ढाक्याला हेल्मेटशिवाय जवळ क्षेत्ररक्षण करताना चेंडू लागून गेला. फिल ह्यूज २०१४ मध्ये हेल्मेट असूनही गेला, चेंडू कानाखाली मानेवर बसला. त्यानंतर हेल्मेटला मागून मानेचं संरक्षण आलं.

नदीकाठचा:
माझा आक्षेप मेहुण्यांच्या "नदीवर न्या" या शब्दांवर आहे. आपल्या कोल्हापुरी बंधाऱ्याचे काही बरगे, म्हणजे पाणी अडवायला मोऱ्यांत बसवलेल्या फळ्या, काढलेले असले की वर पाणी संथ दिसतं, पण खाली मोऱ्यांतून जोराची ओढ असते. तिथं पट्टीचा पोहणाराही ओढला जातो. बंधाऱ्यावरून पाणी पडत असेल तर पायथ्याशी ते गरगर फिरतं आणि माणसाला परत भिंतीकडं आणतं. बुडणारा ओरडतही नाही. तोंड क्षणभर वर येतं, त्यात श्वास घ्यायचा का हाक मारायची? बाहेर काढल्यावर उलटं धरून पोट दाबत बसू नका. श्वास बंद असेल तर तोंडानं श्वास द्या, छाती दाबा.

तालीमकट्टा:
ताई, भावाचं वाचून वाईट वाटलं. पण त्याला जे झालं ते कुस्तीनं का उचलण्यानं? वस्ताद समोर उभा असेल, माती रोज खणून मऊ केलेली असेल, पोरांच्या जोडी वजनानं लावल्या असतील, तर मी तालीमच निवडणार.

बावड्याची_लेक:
कशानं झालं ते डॉक्टरलाही नक्की सांगता आलं नाही. वस्ताद तेव्हाही समोरच होते, चांगला माणूस आहे. पडलेल्याचं डोकं आहे तसं धरून ठेवायचं, रुग्णवाहिका येईपर्यंत हलवायचं नाही, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

पेठेचा_गोली:
१२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा फुटबॉलपटू एरिक्सन सामना चालू असताना मैदानात कोसळला, हृदय बंद पडलं. जागेवर छाती दाबली, मशीननं हृदयाला विजेचा झटका दिला, म्हणून वाचला. आमच्या सामन्यांना हजारो लोक येतात. ते मशीन मी अजून एकदाही पाहिलं नाही.

तालीमकट्टा:
उद्या सकाळी वस्तादांना भेटतोय. मान धरायला कोणाला येतं का, ते आधी विचारतो. नाही म्हणाले तर पोराचं नाव घालायच्या आधी तेच शिकायची सोय करू. ताई, तुम्ही याल का सांगायला?

बावड्याची_लेक:
येते. भावालाही आणते.