कॉन्स्टेबलचं ‘हे वेन’ कॉपी करतोय, पण झाडांचा हिरवा काही केल्या जमत नाहीये

ओलीपालवी:
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वॉटरकलर केल्यावर आता ऑइलला हात घातलाय. एका जाणत्या चित्रकारांनी सांगितलं की जुन्या मास्टरचं एक निसर्गचित्र घे आणि नेटाने कॉपी कर, म्हणून इंग्लिश चित्रकार जॉन कॉन्स्टेबलचं ‘द हे वेन’ घेतलं, ते उथळ नदीतल्या घोडागाडीचं, डावीकडे घर असलेलं. आकाश बऱ्यापैकी आलंय पण झाडं अगदी प्लास्टिकची वाटतायत. ट्यूबमधला सॅप ग्रीन (तयार हिरवा) घेतो, उजेड दाखवायला त्यात टायटॅनियम व्हाइट घालतो आणि तिथेच सगळं खडूसारखं पांढुरकं होतं. शिवाय कॅन्व्हास 18 बाय 24 इंचांचा आहे, त्यावर घर उगाच उंच दिसतंय. तीन आठवडे झाले, खूप जीव लावलाय या चित्रात, सोडवत नाहीये.

जवसतेल:
पांढऱ्या कॅन्व्हासवरच सुरुवात केलीत का? तसं असेल तर खरी अडचण तिथेच आहे. कॉन्स्टेबलच्या चित्रांना खालून उबदार तपकिरी रंग असतो आणि पानांच्या मधूनमधून तो तसाच डोकावतो, त्यामुळे हिरवा जिवंत वाटतो. नवीन कॅन्व्हासवर बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) टर्पेंटाइनमध्ये पातळ करून लावा, फडक्याने पुसून घ्या, पूर्ण वाळू द्या आणि मग वर काम करा. सॅप ग्रीन थोडे दिवस बाजूलाच ठेवा, अल्ट्रामरीन निळा आणि यलो ऑकर (मातकट पिवळा) यांतून हिरवा बनवा, उजेडासाठी आधी पिवळा वाढवा, पांढरा अगदी शेवटी आणि चिमूटभर. टायटॅनियम व्हाइट हा विसाव्या शतकातला रंग, कॉन्स्टेबलकडे लेड व्हाइट होता, तो इतका अंगावर येत नाही. आणि घोड्यांच्या साजावरचा लाल नीट बघा, एवढासाच आहे पण तो बोटाने झाकून बघा, आजूबाजूचे सगळे हिरवे लगेच मलूल होतात.

दुपारचं_ऊन:
मापाचं मी सांगते. मूळ चित्र 130.2 बाय 185.4 सेंटिमीटर आहे, तुमचा कॅन्व्हास त्या मानाने जास्त उंच, म्हणून घर ताणलं गेलंय. 14 बाय 20 इंच घेतलंत तर प्रमाण जवळपास तंतोतंत बसतं. पण दादा, अख्खं चित्र कशाला? माझं मत विचाराल तर फक्त घर, त्यामागची झाडं आणि काठावरचा कुत्रा एवढाच तुकडा करा. पानं मोजत बसू नका, आधी गडद-उजळ बसवा. मोबाइलवर मूळ चित्राचा आणि तुमच्या कॅन्व्हासचा फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून शेजारी ठेवा, कुठे चुकतंय ते लगेच दिसेल, मला तरी रंगांपेक्षा यातूनच जास्त कळलं.

आणि कॉपी करण्यात कमीपणा अजिबात मानू नका. ‘हे वेन’ 1821 चं, आणि 1823 मध्ये खुद्द कॉन्स्टेबल चित्रसंग्राहक सर जॉर्ज बोमाँट यांच्या इंग्लंडमधल्या कोलऑर्टनच्या घरी राहून सतराव्या शतकातला फ्रेंच चित्रकार क्लोद लोरँ याचं शेळ्यांच्या कळपाचं निसर्गचित्र कॉपी करत होता, तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होता. मला ही गोष्ट फार आवडते.

ओलीपालवी:
दोघांचे मनापासून आभार. तपकिरी बेस देऊन नुसता घर-झाडांचा तुकडा केला. ब्लॅक अँड व्हाइट फोटोत कळलं की घरामागची झाडं मी निम्म्यानेसुद्धा गडद केली नव्हती! आता छपराच्या कडेपाशी तो बर्न्ट सिएना पानांतून दिसतोय, तेवढी दोन इंच जागा मला स्वतःला खरी वाटते. पण पावसाळी हवेत दुसरा थर चार दिवस झाले तरी चिकट आहे, वरून लावू का?

जवसतेल:
नको, थांबा. बोट लावल्यावर रंग बोटाला येत असेल तर अजिबात नको, खालचा ढवळून परत चिखल होईल. आणि वरच्या थरात तेल खालच्यापेक्षा जास्तच हवं, उलटं झालं तर पुढे तडे जातात. तोवर कुत्र्याची पेन्सिल स्टडी करून घ्या. आणखी एक, जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, बाहेर पसरून वाळवा, हे प्लीज विसरू नका.

ओलीपालवी:
फडक्यांचं माहीतच नव्हतं, आत्ताच दोरीवर टाकून आलो. कुत्रा उद्या सकाळी.