बाल-किशोर फॉरेन्सिक सायकियाट्री: या वाटेला जावं का?

मनमोकळी

नमस्कार. सायकियाट्रीच्या रेसिडेन्सीच्या शेवटच्या टप्प्यात आहे. लहान मुलांसोबत काम करायला मनापासून आवडतं, त्यामुळे पुढे चाइल्ड सायकियाट्री हे पक्कंच होतं, पण मध्यंतरी आमच्या एका सिनिअर मॅडमसोबत मुलाच्या ताब्याच्या एका केसमध्ये बसायला मिळालं आणि तेव्हापासून डोक्यात फॉरेन्सिकच, म्हणजे कोर्टासाठी मुलांचं मानसिक मूल्यांकन करायचं काम, घोळतंय. घरचे म्हणतात कोर्टकचेरीच्या भानगडीत कशाला पडतेस. या लोकांचं रोजचं काम नक्की काय असतं, ट्रेनिंग किती लांबतं, आणि खरं विचारायचंय ते हे, की ज्या मुलासाठी जीव तुटतो त्याच्याच विरोधात आपला रिपोर्ट गेला तर माणूस ते कसं सहन करतो? जे या कामात आहेत त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

अनघा_बालमन

बरीच वर्षं हेच काम करतेय म्हणून लिहिते, थोडं लांबेल.

आधी ट्रेनिंगचं. देशोदेशी वेगळं आहे. अमेरिकेत हा रस्ता सगळ्यात आखीव आहे, तिथे मेडिकल डिग्रीनंतर जनरल सायकियाट्री, मग चाइल्डची २ वर्षं, मग फॉरेन्सिकची १ वर्षाची फेलोशिप. बाकी बऱ्याच ठिकाणी लोक चाइल्ड सायकियाट्री करतात आणि फॉरेन्सिक अनुभवी माणसाच्या हाताखाली शिकतात. चाइल्डचा पाया मात्र सोडू नकोस. सात वर्षांचं मूल आणि पंधरा वर्षांचं मूल काळ, कारण, परिणाम हे किती वेगळं समजतात ते हाडीमाशी मुरलेलं नसेल तर कायद्याची पुस्तकं पाठ करून काही उपयोग नाही.

काम कसलं? ताब्याचे वाद, अत्याचाराच्या केसेसमधल्या मुलांचं मूल्यांकन, अपघात किंवा छळानंतर मुलाला झालेली मानसिक इजा, आणि कायद्याच्या कचाट्यात सापडलेली किशोरवयीन मुलं. हे नवीन फॅड नाही बरं का. शिकागोत १८९९ मध्ये मुलांसाठी वेगळं कोर्ट सुरू झालं आणि १९०९ मध्ये तिथेच विल्यम हीली यांनी कोर्टात येणाऱ्या मुलांना तपासायला क्लिनिक काढलं. हे मूल असं का वागलं हा कोर्टाचा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

आता एक प्रसंग, ओळख पटेल असं सगळं काढून सांगते. तेरा वर्षांचा मुलगा, त्याला खटला कळतोय का एवढं मला बघायचं होतं. मी विचारलं, गप्प राहायचा अधिकार म्हणजे काय रे? तो लगेच म्हणाला, "जज विचारेपर्यंत गप्प बसायचं." उत्तर इतकं चटकन आलं की ऐकणाऱ्याला वाटावं पोराला सगळं कळलंय. पण त्याच्या लेखी तो अधिकार नव्हताच, वर्गात बोलू नका म्हणतात तशी शिस्त होती. मग वकील कुणाच्या बाजूने असतो विचारलं तर म्हणाला, मी खरं बोललो तर माझ्या. आणि हा एकटा असा नाही. थॉमस ग्रिसो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा आणि सहकाऱ्यांचा २००३ चा मोठा अभ्यास आहे, त्यात १५ आणि त्याखालची मुलं खटला समजण्यात मोठ्यांपेक्षा बरीच मागे पडलेली दिसली. मुलाने मान हलवली म्हणजे त्याला कळलं असं धरून चालायचं नाही, या कामाचा अर्धा जीव यातच आहे.

आणि तुझा शेवटचा प्रश्न. पहिल्या भेटीत, पहिल्या दहा मिनिटांत मुलाला त्याच्या भाषेत सांगायचं की मी तुझी नेहमीची डॉक्टर नाही, औषध द्यायला आलेली नाही, तू जे सांगशील ते जजसाहेबांपर्यंत जाऊ शकतं, एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर तसं सांगितलंस तरी चालेल. मग त्यालाच विचारायचं, मी काय सांगितलं ते सांग बघू. आणि तासाभराने मूल रुळलं, मोकळं व्हायला लागलं की परत आठवण करून द्यायची, कारण आपण प्रेमाने बोलतो म्हणून त्याला वाटतं ही आपली माणूस आहे. नेमकं तिथेच थांबवणं फार जड जातं, पण ते केलं नाही तर आपण मुलाचा विश्वास चोरून वापरतोय. हे नीट केलेलं असेल तर विरोधात गेलेला रिपोर्टही सहन होतो. त्रास होतोच, नाही म्हणत नाही.

काळाकोट

मी वकील, उलटतपासणीत समोर उभा राहणारा. अनघाताईंनी मुलाबद्दल लिहिलं, मी कोर्टाबद्दल लिहितो. चांगला तज्ज्ञ मला एका गोष्टीवरून कळतो, "हे मला सांगता येणार नाही" असं तो बिनधास्त म्हणतो. घटना घडली की नाही हे ठरवायला जज आहेत, डॉक्टरने त्यात उडी मारली की आमचं काम सोपं होतं. रिपोर्टमध्ये कुणाला किती वेळ भेटलात, शाळेचे, दवाखान्याचे कोणते कागद वाचले, पोलीस जबाब वाचला का, हे सगळं आलं पाहिजे. आणि मुलाला प्रश्न कसे विचारले हे तर अक्षरशः शब्दशः हवं. अमेरिकेत १९८० च्या दशकात मॅकमार्टिन नावाच्या बालवाडीचं प्रकरण गाजलं, लहान मुलांना सुचवून सुचवून प्रश्न विचारले गेले, खटला वर्षानुवर्षं चालला आणि १९९० ला संपला तेव्हा एकालाही शिक्षा झालेली नव्हती. त्यात खरं काय होतं हे शोधायची वाटच त्या प्रश्नांनी बंद केली. "त्यांनी तुला हात लावला ना?" आणि "मग काय झालं ते सांग" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

चाचणीवाली

काळाकोट यांना +१. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, या टीममध्ये चाचण्या आमच्याकडे असतात. एक भर घालते, किशोरवयीन मुलांचा हिंसेचा धोका जोखायला सॅव्हरी नावाचं साधन वापरतात, त्यात २४ मुद्दे धोक्याचे आणि ६ मुद्दे सावरणारे, म्हणजे जीव लावणारं मोठं माणूस आहे का, शाळेशी नातं टिकलंय का वगैरे. ते सहा मुद्दे लोक घाईत उरकतात आणि मला त्याचा खरंच राग येतो, कारण पोराला पुढे कुठे ठेवायचं, कुणाच्या हाती द्यायचं हे बऱ्याचदा त्यातूनच सुचतं. आणि मूल वाढत असतं, तेव्हा वर्षापूर्वीचा रिपोर्ट आजचा म्हणून कुणी वापरत असेल तर भांडायचं.

मनमोकळी

बापरे, किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी. अनघाताई एकच, उपचार पूर्ण सोडावे लागतात का? आणि सुरुवात कुठून करू?

अनघा_बालमन

अजिबात नाही. माझी ओपीडी चालू आहे, फक्त ज्या मुलावर मी उपचार करते त्याच्या केसमध्ये मी कोर्टाची तज्ज्ञ होत नाही, तिथे दुसऱ्याचं नाव सुचवते. सुरुवात म्हणशील तर त्या सिनिअर मॅडमना सांग, त्यांच्या पुढच्या रिपोर्टचा कच्चा मसुदा मला लिहू द्या. प्रत्येक वाक्यासमोर पेन्सिलीने लिही, हे मुलाने सांगितलं, हे कागदात सापडलं की हे माझं मत. जिथे पेन्सिल अडखळेल ती वाक्यं घेऊन त्यांच्यासमोर बस.