फौजी भावासाठी घड्याळ घ्यायचंय, उष्माघात आधी कळतो का त्यात?

पन्हाळ्याची_पोर:
मावसभाऊ फौजेत आहे, पोस्टिंग जैसलमेरकडं. ऊन असं की मावशी इकडं रोज फोन करून पाणी पितोस का विचारते. स्मार्टवॉच द्यायचा विचार आहे, बजेट दहा हजार. हार्टरेट, तापमान सगळं दाखवतंय म्हणे, मग उष्माघाताची सूचना देईल ना?

धावता_धोटा:
नाही देणार ताई. घड्याळ तापमान दाखवतं ते कातडीचं, घाम सुटला की कातडी गार लागते आणि आत ४० च्या वर गेलेलं असू शकतं. हार्टरेटसुद्धा हिरव्या लाईटवर मोजतात, बंदूक घट्ट धरून पळताना तो आकडा काहीही येतो. छातीला बांधायचा हार्टरेटचा पट्टा त्यापेक्षा बरा.

लॅबवाला_काका:
आतलं तापमान मोजायला गिळायची गोळी असते, आतून रेडिओवर आकडा पाठवते. पण गोळी पोटात असताना थंड पाणी प्यायलं की आकडा धाडकन खाली, म्हणजे गंमतच. अमेरिकन आर्मीची नेटिकला लॅब आहे, त्यांनी नुसत्या मिनिटा-मिनिटाच्या हार्टरेटवरून आतल्या तापमानाचा अंदाज काढायचं गणित बसवलंय. अर्धा-पाऊण अंश इकडंतिकडं होतो, तरी अख्ख्या तुकडीत कोण तापतोय ते दिसतं.

सह्यकडा:
दिसून उपयोग काय, बघणारा पाहिजे ना. जुलै २०१३ मधे वेल्सच्या ब्रेकन बीकन्स डोंगरात एसएएसच्या (ब्रिटिश आर्मीचं कमांडो दल) निवडीचा मार्च होता, भर उन्हात, तिघं गेले. जीपीएस ट्रॅकर सगळ्यांकडं होते, ठिपका हलेना तरी वेळेत कुणाचं लक्ष गेलं नाही. २०१५ च्या चौकशीत हलगर्जीपणा झाला असंच निघालं. आणि माणूस बरळायला, झोकांड्या खायला लागला की आकड्याची वाट बघायची नाही, आधी गार करायचं, मग दवाखाना. अमेरिकन ट्रेनिंगमधे त्यासाठी बर्फाच्या पाण्यात भिजवलेल्या चादरी तयारच ठेवतात.

धावता_धोटा:
+१. आणि जीपीएसवालं घड्याळ द्यायच्या आधी भावाला विचार, युनिटमधे चालतं का. स्ट्राव्हा म्हणून पळण्याची नोंद ठेवणारं ॲप आहे, त्याच्या नकाशावर जवानांच्या पळायच्या वाटांवरून अफगाणिस्तान-सीरियातले अमेरिकन तळ उघडे पडले होते, जानेवारी २०१८ ची गोष्ट. त्याच वर्षी पेंटागॉननं, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं, तैनातीच्या भागात जीपीएस बंद करायला लावलं.

पन्हाळ्याची_पोर:
बाप रे, हे डोक्यातच नव्हतं. रविवारी फोन येतो त्याचा तेव्हा विचारते. पट्टा घेतला तर बिना जीपीएसचा मिळतो का, का मोबाईलला जोडावाच लागतो?

लॅबवाला_काका:
पट्ट्यात शक्यतो जीपीएस नसतंच. काहींत मेमरी असते, मोबाईल नंतर जोडला तरी चालतं. पण तोही विचारूनच घे.