अनुभव धागा : हेल्सिंगोर गाव आणि क्रोनबोर्ग किल्ला, गाइडसोबत

डेन्मार्कमधील शेलंड बेटाच्या ईशान्य टोकाला, कोपनहेगनहून रेल्वेने साधारण पाऊण तासावर हेल्सिंगोर आहे. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकातले ‘एल्सिनोर’ ते हेच. आपल्यापैकी बरेच जण तेथे जाऊन आले आहेत, म्हणून त्यांना विनंती, की केवळ ‘फार सुंदर आहे’ असे न लिहिता गाइडने नेमके काय दाखवले आणि एरवी काय नजरेतून सुटले असते, ते सविस्तर लिहावे. सुरुवात मी करते.

आमच्या गाइड बाईंनी किल्ल्यात शिरण्याआधी आम्हाला तोफांच्या तटावर नेऊन समुद्राकडे तोंड करून उभे केले. समोरचे स्वीडनमधील हेल्सिंगबोर्ग जेमतेम चार किलोमीटरवर, मध्ये ओरेसुंदची सामुद्रधुनी. बाल्टिक समुद्रात ये-जा करणाऱ्या बहुतेक जहाजांना याच चिंचोळ्या पाण्यातून जावे लागे आणि १४२९पासून डेन्मार्कचा राजा येथे प्रत्येक परदेशी जहाजाकडून जकात घेऊ लागला. आधी जहाजामागे ठरावीक रक्कम होती, पुढे दुसऱ्या फ्रेडरिकने मालावर आकारणी सुरू केली. मालाची किंमत कप्तानाने स्वतःच सांगायची, पण त्या किमतीला सगळा माल विकत घेण्याचा हक्क राजाकडे राखलेला होता. त्यामुळे किंमत कमी सांगितली तर माल हातचा जाई आणि जास्त सांगितली तर जकात वाढे. इतकी साधी आणि इतकी पक्की व्यवस्था मी दुसऱ्या कोणत्याही किल्ल्याच्या इतिहासात वाचलेली नाही. १५७४ ते १५८५ या काळात उभा राहिलेला हा देखणा राजवाडा त्याच पैशातून उभा राहिला, हे आधी ऐकले असल्यामुळे आतली प्रत्येक खोली मला निराळी दिसली. ही जकात १८५७मध्ये आंतरराष्ट्रीय कराराने बंद झाली.

साताऱ्याच्या एक निवृत्त इतिहास शिक्षिका लिहितात :

वर जकातीविषयी आले आहे, त्यात एक भर घालते. त्या जकातीच्या वह्या कोपनहेगनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेल्या आहेत आणि त्यांत सुमारे १८ लाख जहाजफेऱ्यांच्या नोंदी आहेत. कप्तानाचे नाव, गाव, माल, भरलेली रक्कम असे सगळे त्यांत सापडते. या नोंदी आता संगणकावर शोधता येतात, हे आमच्या गाइडने सांगितले तेव्हा मला किल्ला पाहण्याइतकाच आनंद झाला.

माझे मन मात्र रमले ते भिंतीवरच्या विणलेल्या पडद्यांत. ६२ मीटर लांबीच्या नृत्यदालनासाठी दुसऱ्या फ्रेडरिकने डेन्मार्कच्या राजांची चित्रे विणून घेतली होती. त्यांपैकी सात पडदे आज किल्ल्यात आहेत. एका पडद्यापाशी गाइडने आम्हाला हाताच्या अंतरावर उभे केले आणि राजाच्या पायांमागची शिकारी कुत्री, झाडांची पाने, दूरवरची गलबते एकेक करून दाखवली. आम्ही एकट्याने गेलो असतो तर राजाचा चेहरा पाहून पुढे सरकलो असतो.

१६२९च्या आगीत किल्ला जळाला, पण भक्कम कमानींमुळे प्रार्थनागृह वाचले. तेथील कोरीव, रंगवलेली लाकडी आसने आवर्जून पाहावीत.

स्वीडनमधील माल्मोला राहणारे एक सदस्य :

पाहुणे आले की मी त्यांना हेल्सिंगबोर्गहून बोटीने पलीकडे नेतो. वीस मिनिटांच्या त्या प्रवासात किल्ला जसा दिसतो, तसा तो जमिनीवरून दिसत नाही आणि जकात चुकवणे का अवघड होते, हेही तेथे आपोआप कळते.

बहुतेक जण किल्ला पाहून परततात, याचे मला मनापासून वाईट वाटते. गावातली पायी फेरी अवश्य घ्यावी. स्टेनगाडे या जुन्या रस्त्याने जाताना गाइड व्यापाऱ्यांची घरे दाखवतो, कारण जकात भरायला थांबलेल्या जहाजांना पाणी, अन्न, दोर, शिडाचे कापड पुरवण्यावरच हे गाव वाढले. कार्मेलाइट या ख्रिस्ती पंथाच्या मठाला लागून असलेल्या सेंट मेरी चर्चमध्ये संगीतकार बुक्स्टेहूड १६६०पासून काही वर्षे ऑर्गनवादक होता. आणि १९४३च्या शरद ऋतूत जर्मन ताब्यातील डेन्मार्कमधून ज्यू कुटुंबांना रात्री याच पाण्यातून स्वीडनला पोहोचवणाऱ्या गावकऱ्यांनी आपल्या गटाला ‘शिवणमंडळ’ असे नाव दिले होते. हे ऐकताना माझ्या आईचे डोळे भरून आले होते.

तंजावरच्या मराठी घराण्यातील एक वाचक :

माझे जाणे एका वेगळ्या ओढीने झाले. आमच्या तंजावरजवळ तरंगमबाडी येथे डेन्मार्कची वसाहत होती. १६२०मध्ये तंजावरचा तेव्हाचा राजा रघुनाथ नायक याच्याशी करार करून त्यांनी तेथे डान्सबोर्ग किल्ला बांधला आणि पुढे तंजावर मराठ्यांकडे आल्यावर डॅनिश मंडळी आमच्या राजांना वार्षिक खंडणी भरत राहिली. सरफोजीराजांना शिकवणारे जर्मन धर्मप्रसारक श्वार्ट्झ भारतात आल्यावर सुरुवातीला राहिले तेही तरंगमबाडीलाच. म्हणून गाइडला मी तरंगमबाडीविषयी विचारले, तेव्हा त्याने किल्ल्याशेजारच्या सागरी संग्रहालयाची वाट दाखवली. जुन्या कोरड्या गोदीभोवती जमिनीखाली बांधलेल्या या संग्रहालयात पूर्वेकडच्या व्यापाराचीही माहिती आहे. ज्यांना इतिहासाची आवड आहे, त्यांनी किल्ल्यासोबत त्यालाही पुरेसा वेळ ठेवावा.

ठाण्याच्या एक सदस्या :

आम्ही एका सहल कंपनीबरोबर गेलो होतो. किल्ल्यासाठी त्यांनी इतका थोडा वेळ दिला की आम्ही अंगणात छायाचित्रे काढून बसमध्ये परतलो. पैसे भरण्यापूर्वी कार्यक्रमपत्रिकेत ‘बाहेरून दर्शन’ लिहिले आहे की ‘आतून, गाइडसह’, हे नीट वाचून घ्यावे. मुलाकडे मुक्कामाला असताना पुढे मी स्वतंत्रपणे पुन्हा गेले आणि तळघरातले भुयारी मार्ग पाहिले. तेथे काळोख आहे, छत ठेंगणे आणि जमीन खडबडीत आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी ते टाळावे, इतरांनी चांगले बूट व छोटी विजेरी न्यावी. देशावर संकट आले की जागा होईल, अशी ज्याची दंतकथा आहे तो होल्गर डान्स्के तेथेच झोपलेल्या पुतळ्याच्या रूपात भेटतो. उन्हाळ्यातही तटावर वारा झोंबतो, तेव्हा स्वेटर विसरू नये.