प्रति: दारात कार, मग सायकल कशाला?

वर विचारलंय, कार असताना सायकल कशाला? मी दोन्ही मनापासून चालवतो. समृद्धी महामार्गावर सायकलला बंदीच. तिथे कार शंभरवर एकसुरात धावते, ते सुख मला हवंच असतं. पण विदर्भातल्या आमच्या आर्वीकडे सायकलवर निघालो की फुलोऱ्यातल्या तुरीवरच्या माश्यांची गुणगुण कानावर येते. बंद काचेआड ती कुठली! (पावसाळ्यात मडगार्डात काळी माती थापते, काडीनं उकरत बसावं लागतं. तरी बेहत्तर.)

पारावर मात्र ठरलेला प्रश्न, "काहून गा, गाडी इकली काय?" सायकल म्हणजे तंगी, हेच गणित. मला याचं खरंच वाईट वाटतं. मानव विकास या सरकारी योजनेतून मिळालेल्या सायकलींवर गावातल्या पोरी शाळेत जातात, त्याही हे ऐकत असतात.